पानांच्या फॉइलखाली

१८ मे २०२५

प्रिय हृषीदादा,

तीन वेळा फोन केला, तू उचलला नाहीस. शेवटी अवनीवहिनीला गाठलं. ती म्हणाली, "अरे, तो कामावरून आला की फोन कपाटात टाकतो. काही विचारायचं असेल तर पत्र लिही. पत्राला मात्र तो उत्तर देतो." मावसभावाला तिकीट चिकटवून प्रश्न विचारायची वेळ आली! आल्झो, म्हणजे जर्मनमध्ये 'तर मग', विचारतो.

माझी घरमालकीण फ्राऊ क्लाइन तुला ऐकून माहीत आहे. मी दोन वर्षं तिच्या वरच्या मजल्यावर राहतोय. भाडेकरू म्हणून आलो, आता दर रविवारी तिच्याकडेच जेवतो. तिच्या नवऱ्याचा, ओट्टोचा, एक छोटा पिकअप ट्रक धान्याच्या कोठारात पडून होता. ओट्टो वारल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. गेल्या आठवड्यात तिनं किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "गाडी चालली पाहिजे, नाहीतर मरते."

मला त्याला, पत्र्यावर चिकटवतात ती प्लास्टिकची कॅमोफ्लाज फॉइल लावायची आहे. स्वतःच्या हातानं. आठवतं का, खडकीला भिंतीवर बसून आपण मिलिटरीचे ट्रक मोजायचो? पण ती म्हणाली, "सैन्याचं नको. जंगलाचं चालेल, ओट्टोला जंगल आवडायचं." म्हणून पानाफांद्यांचं डिझाइन तिनंच निवडलं. तू हे काम रोज करतोस, तर पहिल्यापासून सगळं नीट लिहून पाठव.

परवा तिनं शेजाऱ्यांना माझी ओळख 'उन्झर शार्दूल' अशी करून दिली. आमचा शार्दूल! दादा, खरं सांगतो, पुणं सोडल्यापासून पहिल्यांदा वाटलं की इथे माझं घर आहे. तुला म्हणा हे केव्हाच सवयीचं झालं असेल.

तुझा,
शार्दूल


त्सुफेनहाउझेन, २४ मे

चि. शार्दूलास आशीर्वाद.

पत्र पोचलं. पीएच.डी. करणाऱ्या माणसाचं अक्षर इतकं गचाळ असेल असं वाटलं नव्हतं. पण तू लहानपणापासून असाच. पतंग मी बनवायचा, फाडायचा तू, आणि रडून मावशीच्या मांडीवर जाऊन बसायचंही तूच.

आता ऐक. गाडी धुवायची, वाळवायची, मग स्पिरिटनं पुसायची. पुसली असं वाटलं की पुन्हा पुसायची. आरसे, हँडल, नंबरप्लेट, सगळं काढायचं. हातमोजे घालून काम करायचं, कारण बोटाचं तेलसुद्धा फॉइलला चालत नाही. आमच्या वर्कशॉपमध्ये बाजारात न आलेल्या गाड्यांना आम्ही काळ्या-पांढऱ्या वेटोळ्यांची फॉइल लावतो, म्हणजे टेस्टिंगला रस्त्यावर गेली तरी गाडीचा आकार कुणाला कळू नये. तिथे माझ्या एका सहकाऱ्यानं गंमत म्हणून बॉनेटवर वंगणाच्या बोटानं हसरा चेहरा काढला आणि वरून फॉइल लावली. गाडी उन्हात उभी केली. दोन तासांत तो चेहरा फॉइलमधून फुगून वर आला आणि साहेबाकडे बघून हसायला लागला. सहकारी त्याच दिवशी नोकरी गमावून घरी गेला. फॉइल लपवत नाही, शार्दूल. खालचं सगळं ती दाखवते, जरा थांबून.

सुरुवात मागच्या फळीपासून कर, ती सपाट असते. बॉनेट सगळ्यात शेवटी. खोलगट जागी हीट गननं तापवून दाबायचं, ताणायचं नाही. ताणलेली फॉइल आठ दिवसांत आपल्या जागी परत जाते.

आणि सवयीचं म्हणशील तर मला इथे चौदा वर्षं झाली. एकाही जर्मन घरात मी जेवलेलो नाही. शेजारी फाटकाशी उभं राहून हवापाण्याचं बोलतात आणि फाटक लावून घेतात. तुला दोन वर्षांत रविवारचं ताट मिळालं. छान आहे.

हृषिकेश


९ जून

प्रिय हृषीदादा,

ते जेवणाचं वाचून वाईट वाटलं. तू एकदा इकडे ये, मी फ्राऊ क्लाइनला सांगतो, ती आनंदानं जेवायला घालेल.

मागची फळी झाली! पहिला तुकडा वाया गेला, दुसऱ्याला सुरकुत्या पडल्या, तिसरा असा बसला की ती काठी टेकत आली आणि म्हणाली, "पानं खरी वाटतात." मग स्टूल ओढून बसली आणि मी डावा दरवाजा करत असताना बोलत राहिली. एरवी ती असं बोलत नाही.

ती चार वर्षांची असताना तिच्या वडिलांना नाझींनी नेलं. त्यांनी एका माणसाला तळघरात लपवलं होतं आणि ओळखीच्याच कुणीतरी निनावी पत्र लिहून कळवलं. ते परत आले नाहीत. तिला नेणाऱ्यांचे चेहरे आठवत नाहीत. आठवतो तो फक्त गाडीच्या बॉनेटवरचा छोटा झेंडा, कारण तो तिच्या डोळ्यांच्या उंचीवर होता. आजही त्या झेंड्यावरचं चिन्ह टीव्हीवर दिसलं की ती उठून स्वयंपाकघरात जाते.

आणि आता माझी पंचाईत बघ. आईला चिंचवडला कळलंय की मी गाडी घेतोय. तिचा एकच हेका, गाडीची पूजा कर आणि बॉनेटवर स्वस्तिक काढ. बाबांची गाडी पूजा न करता काढली होती आणि तिसऱ्या दिवशी अपघात झाला, हे तिच्या डोक्यातून जात नाही. फोनवर रडते. इथे नाझींमुळे त्या चिन्हावर कायद्यानं बंदी आहे, ते कसं काढणार? आणि या घरात? कुंकवाची नुसती पाच बोटं लावली तर चालेल का? तू तिला समजावशील का? तुझं ती ऐकते.

शार्दूल


१५ जून

चि. शार्दूल,

मावशीशी बोललो. समजावलं नाही. ज्या बाईचा नवरा पूजेवाचून गेला, तिला मी कुठल्या तोंडानं सांगू की पाच बोटांत भागव? तुला आता जर्मन आई मिळाली, म्हणून जन्म दिलेली जड झाली का?

यातून वाट सोपी आहे. स्वस्तिक काढ, पण पत्र्यावर, फॉइलच्या खाली. तिळाच्या तेलात कुंकू कालवून, आपल्या रीतीनं, चार ठिपक्यांसकट. वरून पानांची फॉइल लाव. मावशीला व्हिडिओवर दाखव, ती शांत होईल. कुणाला दिसणार नाही, देवाला दिसेल.

काढल्यावर पुसू मात्र नकोस. पुसलंस तर पूजाच पुसलीस.

हृषिकेश


२९ जून

प्रिय हृषीदादा,

झाली! सगळी गाडी झाली. चार शनिवार-रविवार, गुडघे सोलले, हीट गननं मनगट भाजलं, पण कोठाराच्या दारातून बघितलं की झाडीतून फक्त दिवे बघतायत असं वाटतं.

बॉनेट काल केलं. फ्राऊ क्लाइन केस कापायला गेली होती ती वेळ साधली. आई व्हिडिओवर होती. मी अनामिकेनं काढायला लागलो तर म्हणते, "अरे, चांगलं ठसठशीत काढ, कंजूषपणा कसला करतोस?" मग दुसऱ्यांदा गिरवलं. तिनं तिकडून हात जोडले. बाबा गेल्यावर तिचा चेहरा एवढा मोकळा मी पाहिला नव्हता.

एक विचारायचं राहिलं. तू बोटाच्या तेलाचं लिहिलं होतंस. हे तर चांगलं जाड तेल आहे. वर येणार नाही ना? आणि फ्राऊ क्लाइनला मी सांगितलेलं नाही. सांगावं असं सारखं वाटतं. आपलं चिन्ह वेगळं, त्याचा अर्थ वेगळा, हे मी तिला नीट समजावू शकेन.

१३ जुलैला ती शहाऐंशीची होते. अंगणात टेबलं मांडायची आहेत, निम्मं गाव येईल. त्या दिवशी गाडी पहिल्यांदा बाहेर काढायची आणि तिला शेजारी बसवून ओट्टोच्या थडग्यापर्यंत न्यायचं, असं आमचं ठरलंय.

शार्दूल


४ जुलै

चि. शार्दूल,

चौदा वर्षं हे काम करणारा मी आहे की तू? वर येणार नाही. त्या सहकाऱ्यानं यंत्राचं वंगण वापरलं होतं, तिळाचं तेल पत्र्यात मुरतं. निश्चिंत राहा.

तिला काही सांगू नकोस. शहाऐंशी वर्षांच्या बाईला वाढदिवसाच्या तोंडावर असली गोष्ट सांगणं हा निव्वळ क्रूरपणा आहे. जे दिसणार नाही त्याची माहिती देऊन तू फक्त स्वतःचं मन हलकं करशील.

वाढदिवसाला गाडी सकाळपासून उन्हात लाव. उन्हानं गोंद पक्का होतो. बॉनेट पाहुण्यांकडे करून लाव, पानं छान चमकतील. मेहनत केलीस, तर लोकांना दिसू दे.

हृषिकेश


१६ जुलै

दादा,

रविवारी कडक ऊन होतं. तू सांगितलंस तशी गाडी नऊला अंगणात लावली, बॉनेट टेबलांकडे करून. तीसेक माणसं होती. सगळे पानांवरून हात फिरवत होते, फ्राऊ क्लाइन प्रत्येकाला सांगत होती, "आमच्या शार्दूलनं केलं, एकट्यानं." साडेअकराच्या सुमाराला मी केक कापत होतो आणि एकाएकी गप्पा थांबल्या.

पानं फुगली होती. चार हात, चार ठिपके, बोटभर रुंद. दुरूनसुद्धा वाचता आलं असतं.

ती काठी टेकत गेली. तिनं एका हातावर बोट ठेवलं आणि टोकापर्यंत फिरवलं, मग वळणावरून पुढे. लहान मूल अक्षर गिरवतं तसं. मी धावलो, म्हणालो की हे आमचं आहे, शुभ असतं, माझ्या वडिलांसाठी काढलं. जर्मन शब्द सापडेनात, दादा. पाच वर्षं शिकलेली भाषा तोंडातून गेली. तिनं माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाली, "ओट्टोच्या गाडीवर." आत गेली. दार लावलं.

पाहुणे भरलेल्या बशा तशाच ठेवून निघून गेले. कुणीतरी फोटो काढला होता, दुपारी पोलीस आले. त्यांनी मात्र नीट ऐकून घेतलं, लिहून घेतलं आणि फॉइल काढायला लावली. त्यांच्यापुढे मी सोलली. खाली तेल ओलंच होतं. मुरलं नव्हतं.

काल दाराखालून चिठ्ठी आली. तीस सप्टेंबरपर्यंत खोली सोडावी. वर लिहिलंय 'हेर सबनीस', म्हणजे श्रीयुत सबनीस. शार्दूल नाही.

मी बोलायला गेलो की ती दुसऱ्या खोलीत जाते. तू मोठा आहेस, तुझं जर्मन माझ्यापेक्षा चांगलं आहे. तू तिला दोन ओळी लिही. आपल्याकडे हे काय असतं ते सांग. तुझ्याशिवाय माझ्या बाजूनं बोलणारं इथे कुणी नाही.

शार्दूल


२२ जुलै

चि. शार्दूल,

मावशी म्हणाली की तू दोनदा गिरवलंस. मी गिरवायला सांगितलं होतं? बारीक रेघ मुरते, चिखल मुरत नाही. स्वतः केलं, स्वतः केलं म्हणून मिरवायचं असेल तर चूकही स्वतःचीच म्हणायला शीक.

फ्राऊ क्लाइनना लिहिलं आहे. सविस्तर.

खोलीचं एवढं काय घेऊन बसलास? इथे सगळे असेच राहतात, एक खोली सोडतात, दुसरी घेतात. रविवारी पाव आणि चीज खायचं. सवय होते.

हृषिकेश


६ सप्टेंबर

हृषिकेश,

तुला फ्राऊ क्लाइनचं आमंत्रण मिळालं आहे. रविवार, १४ सप्टेंबर, साडेबारा. वहिनी सांगत होती की तू ते फ्रिजवर चुंबकानं लावलंयस आणि त्यासाठी नवा शर्ट आणलास. बटाट्याचं सूप असेल आणि सुपाबरोबर आलुबुखाराचा केक, इथे ते एकत्रच खातात. बूट दाराशी काढ. ती सांगत नाही, पण तिला बरं वाटतं.

तुझं तिला आलेलं पत्र मी वाचलं. तिनंच ते माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "सभ्य माणसं अशी लिहितात." जर्मन खरंच सुरेख आहे. 'मी माझ्या भावाला वारंवार बजावलं होतं की या देशात हे चिन्ह काढू नकोस, पण त्याला तुमच्या भावनांची पर्वा नाही.' हे वाक्य मी चार वेळा वाचलं. मग वर गेलो आणि तुझी सगळी पत्रं काढली. महिनाभर मी ती माझी चूक शोधायला वाचत होतो, त्या दिवशी तुझी शोधायला वाचली. पहिल्याच पत्रात तो हसरा चेहरा सापडला. तुला माहीत होतं. ऊन, तेल, दोन तास, सगळं माहीत होतं. बॉनेटवरच्या झेंड्याचं मीच तुला लिहिलं होतं, आणि तू मला बॉनेट पाहुण्यांकडे करायला सांगितलंस.

माझ्या भाषांतरावर ती विश्वास ठेवणार नाही, म्हणून तुझी चारही पत्रं कोर्टात शपथ घेतलेल्या भाषांतरकाराकडून जर्मनमध्ये करून आणली. प्रत्येक पानावर शिक्का आहे. पाकीट तिच्या हातात दिलं. तिनं उघडलं नाही. म्हणाली, "माझ्या वडिलांना एका पत्रानं नेलं. माणसाच्या पाठीमागे त्याच्याबद्दलचं पत्र मी वाचत नाही. त्याला इथे बसू दे, मग त्याच्यासमोर वाचेन." त्यासाठी हे आमंत्रण आहे. पाकीट जेवणाच्या टेबलावर पडून आहे, मिठाच्या भांड्याला टेकून.

तू आला नाहीस तर ती ते चुलीत टाकणार आहे आणि मी तीस तारखेला निघणार आहे. हेही तिनं स्पष्ट सांगितलं. ती शब्द फिरवत नाही.

मी हे तुला न सांगता तुला इथे येऊ देऊ शकलो असतो. नवा शर्ट घालून, हातात फुलं घेऊन. तुला हवी होती तशी खुर्ची मिळाली असती आणि सूप संपल्यावर तिनं पाकीट फोडलं असतं. खूप मोह झाला. पण या घरात पाठीमागून काही करायचं नाही, हे मी एकदा चूक करून शिकलो आहे.

ये. दादा, एकदा ये आणि खरं सांग. मला हे घर हवं आहे.

शार्दूल


रविवार, १४ सप्टेंबर

शार्दूल,

हे गाडीत बसून लिहितोय, महामार्गावरच्या पार्किंगमध्ये.

मी आलो होतो. साडेबाराला पाच मिनिटं कमी असताना तुमच्या फाटकाशी होतो. पिकअप अंगणात उभा होता, सगळीकडे पानं आणि बॉनेट उघडं, नुसता पत्रा. दरवाज्यांच्या कडा तू चांगल्या बसवल्या आहेस. मला वाटलं होतं तुला ते जमणार नाही.

खिडकीतून टेबल दिसत होतं. तीन ताटं होती. तिसऱ्या ताटाशी घडी केलेला कापडी रुमाल होता आणि पाण्याचा उंच पेला. चौदा वर्षांत माझ्यासाठी या देशात कुणी मांडलेलं ते पहिलं ताट. ती घड्याळाकडे बघत होती, तू दाराकडे. तुझा चेहरा लहानपणीसारखा दिसत होता, पतंग फाटला की मावशी यायची वाट बघताना दिसायचा तसा.

फाटकाच्या कडीवर माझा हात होता. आत यायचं, चार वाक्यं बोलायची, एवढंच होतं. मी जे केलं ते मी केलं. तू लिहिलं आहेस त्यातलं एक अक्षरही खोटं नाही. पण ते मी बोललो की ती उठून तुझ्या डोक्यावरून हात फिरवणार, आणि तुम्ही दोघं त्या टेबलाशी बसून राहणार, दर रविवारी. ते मला बघवलं नसतं. त्यापेक्षा माझं ताट उचललेलं परवडलं.

फुलं फाटकाशी ठेवली आहेत. कुणाची म्हणून विचारलं तर माहीत नाही म्हण.

तीस तारखेला सामान हलवायला गाडी लागली तर वर्कशॉपची व्हॅन मिळू शकेल. आधी कळव, पत्र लिहून. मी फोन घेत नाही.

हृषिकेश